बटाट्याच्या मुळात शिरणारा सूत्रकृमी

बटाट्याच्या शेतात कधी कधी मधलाच एखादा तुकडा असा आढळतो की, तेथील झाडे खुजी राहतात, दुपारच्या उन्हात माना टाकतात आणि त्यांची पाने खालून वर पिवळी पडत जातात. खत वाढविले, पाणी दिले, तरी तो तुकडा सुधारत नाही. उलट वर्षानुवर्षे तो रुंदावत जातो. तेथील झाड हलक्या हाताने उपटून त्याचे मूळ भिंगाखाली धरले म्हणजे खसखशीहूनही बारीक असे पांढरे किंवा सोनेरी मणी त्याला चिकटलेले दिसतात. हे मणी म्हणजे सूत्रकृमीच्या फुगलेल्या माद्या होत. मादी मेली की तिची कातडी कठीण व तपकिरी होते आणि तिच्या पोटातील दोनशे ते पाचशे अंडी या कवचात सुरक्षित राहतात. अशा कवचाला पुटी म्हणतात. जमिनीत पडलेली पुटी वीस वर्षांनंतरही जिवंत अंडी बाळगून असू शकते.

भारतात हा कृमी 1961 साली नीलगिरी पर्वतावर ब्रिटिश सूत्रकृमितज्ज्ञ एफ. जी. डब्ल्यू. जोन्स यांना प्रथम आढळला. त्याचे मूळ घर मात्र दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत, म्हणजे बटाट्याचेच माहेर. त्याच्या दोन जाती आहेत, ग्लोबोडेरा रोस्टोचिएन्सिस व ग्लोबोडेरा पॅलिडा. नीलगिरीत दोन्ही नांदतात.

अंड्यातील पिल्लू यजमानाची चाहूल लागल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. बटाट्याच्या मुळांतून जमिनीत काही द्रव्ये पाझरतात. त्यांच्या स्पर्शाने अंडी फुटतात आणि सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचे, दोऱ्यासारखे पिल्लू मुळाच्या शोधात निघते. त्याला ना दात, ना जबडा. तोंडात एक पोकळ सुई तेवढी असते. समोर असते ती वनस्पतीची पेशीभित्तिका. ही भिंत सेल्युलोजच्या तंतूंनी विणलेली असून पेक्टिनसारख्या द्रव्यांनी सांधलेली असते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच; आणि पेरूच्या जेलीला घट्टपणा येतो तो पेक्टिनमुळे. असा तट नुसत्या सुईने फोडायचा म्हटले तर या इवल्याशा जिवाची शक्ती तेथेच संपून जाईल.

या ठिकाणी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, त्याच्या मदतीला येतात. ज्वारीची भाकरी बराच वेळ चावली की गोड लागू लागते, कारण लाळेतील विकर पिठूळ द्रव्याची साखर करते. पिल्लाच्या अन्ननलिकेलगतच्या दोन ग्रंथींतही अशीच विकरे तयार होतात. सुई भिंतीत खुपसावयाची, तिच्यावाटे हा स्राव सोडावयाचा, भिंत मऊ पडली की पुढे सरकावयाचे, असा त्याचा क्रम असतो. तो एकामागून एक पेशी भेदीत मुळाच्या गाभ्याकडे, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिकांजवळ, जाऊन पोहोचतो.

सेल्युलोज फोडणारे विकर प्राण्यांना स्वतः बनविता येत नाही, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. गाय गवत पचविते तेही तिच्या पोटातील सूक्ष्मजीवांच्या जोरावर. म्हणून 1998 साली जेव्हा ग्लोबोडेरा रोस्टोचिएन्सिस व सोयाबीनवरील त्याचा भाऊबंद यांच्या स्वतःच्या जनुकांतूनच सेल्युलेज हे विकर तयार होते असे सिद्ध झाले, तेव्हा जीवशास्त्रज्ञांना मोठा अचंबा वाटला. अधिक नवलाची गोष्ट अशी की, या जनुकांचे साम्य इतर प्राण्यांच्या जनुकांशी नसून जिवाणूंच्या जनुकांशी होते. फार प्राचीन काळी सूत्रकृमींच्या एखाद्या पूर्वजाने ती जिवाणूंपासून मिळविली असावीत, असे अनुमान त्यावरून निघते. आईबापांकडून नव्हे, तर परक्या कुळाकडून आलेला हा वारसा! पुढे 2000 साली पेक्टिन तोडणारे विकर आणि 2004 साली एक्स्पॅन्सिन हे प्रथिनही याच कृमीत सापडले. एक्स्पॅन्सिन तंतू तोडीत नाही. ते तंतूंमधील सांधे सैल करते आणि त्यामुळे विकरांचे काम सोपे होते. 2005 साली प्रयोगशाळेत पिल्लांमधील सेल्युलेजचे जनुक निष्प्रभ केले, तेव्हा मुळात शिरण्याची त्यांची क्षमता घटली.

आत शिरल्यावर कृमीचे धोरण पालटते, आणि वास्तविक सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. तो एक पेशी निवडून तिच्यात सुई रोवतो आणि स्वतःचे सेल्युलेज बनविणे थांबवितो, कारण आता हिंडावयाचे नसते. यजमान पेशी तर जिवंत राहिली पाहिजे. आता तिसऱ्या ग्रंथीचा स्राव मुख्य ठरतो. त्याच्या प्रभावाने शेजारच्या पेशींमधील भिंती ठिकठिकाणी विरघळतात आणि शेकडो पेशींची मिळून एक मोठी, अनेक केंद्रके असलेली पेशी बनते. या भिंती विरघळविण्यात वनस्पतीच्या स्वतःच्याच विकरांचा मोठा वाटा असतो. म्हणजे घर फोडण्याचे उरलेले काम घरच्या माणसांकडूनच करवून घेतले जाते. मादी त्या जागी खिळून आठवडेच्या आठवडे पोसली जाते. नर मात्र वाढ पुरी होताच मादीच्या शोधात मुळाबाहेर पडतो, आणि सोयाबीनवरील कृमीत असे दिसले आहे की, त्या वेळी नराच्या ग्रंथींत सेल्युलेज पुन्हा तयार होऊ लागते.

वनस्पतीही स्वस्थ बसत नाही. अँडीजमधील काही बटाट्यांत प्रतिकारशक्ती असल्याचे 1952 साली एलेनबी यांनी दाखविले. त्यांतील एच-1 हे जनुक असलेल्या झाडात कृमीचे पोषण करणारी पेशी नीट वाढत नाही, आणि मादी उपाशी राहते. इंग्लंडात 1966 पासून या जनुकाचा ‘मॅरिस पायपर’ हा वाण मोठ्या प्रमाणावर लावला गेला. रोस्टोचिएन्सिस हटला खरा, पण या जनुकाला न जुमानणारा पॅलिडा त्याच्या जागी फैलावला. नीलगिरीसाठी 1985 साली प्रसृत झालेला ‘कुफ्री स्वर्णा’ हा वाण दोन्ही जातींना दाद देत नाही. परंतु शेतकऱ्याला केवळ वाणावर विसंबता येत नाही. बटाट्यानंतर कोबी, गाजर किंवा लसूण घेतल्यास पिल्लांना यजमान मिळत नाही आणि पुट्यांतील अंड्यांची संख्या हळूहळू उतरते. पुट्या मातीबरोबर प्रवास करीत असल्याने बियाण्याच्या बटाट्यांची ने-आणही सांभाळावी लागते. 2018 साली हा कृमी हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीर येथील शेतांत आढळला, तेव्हा तेथून बाहेर जाणाऱ्या बियाण्यावर निर्बंध घालावे लागले.