आपटा आणि कांचन : एका प्रजातीचा परिचय

दसऱ्यास 'सोने' म्हणून जी पाने वाटली जातात, ती पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. ही गल्लत केवळ अज्ञानाने होते असे नव्हे. आपटा व कांचन या 'बाउहिनिया' या एकाच प्रजातीच्या जाती असून, टोकाशी दुभंगलेले जोडपान हे त्या प्रजातीचेच ठळक लक्षण आहे. प्रजातीचे नाव योहान व कास्पार बाउहिन या वनस्पतिज्ञ बंधूंवरून पडले. लिनियसने १७५३ साली ते आपल्या ग्रंथात स्वीकारले. एका पानाचे दोन सारखे भाग पाहून दोघा भावांचे स्मरण व्हावे, ही कल्पना मुलांना सहज रुचते.

तेव्हा पानावरून प्रजाती ओळखावी. जाती ओळखण्यास मात्र फूल उघडून परागकोश धारण करणारी केसरदले मोजावीत. वसंतात बहुधा निष्पर्ण फांद्यांवर फुलणाऱ्या कांचनात, म्हणजे बाउहिनिया व्हेरिगाटात, ती पाच असतात. पावसाळा सरल्यावर पानांसह फुलणाऱ्या जांभळ्या कांचनात, बाउहिनिया पर्प्युरियात, ती सामान्यतः तीन असतात. आपटा म्हणजे बाउहिनिया रॅसिमोसा. त्याच्या मंजरीतील लहान, फिकट फुलांत ती दहा असतात. पिवळ्या कांचनातही दहाच भरतात, परंतु त्याचे घंटेसारखे मोठे फूल पाहिल्यावर संशय उरत नाही.

आश्विनात आपट्याला फुले नसतात. त्या वेळी पानांचीच तुलना करणे भाग आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे पुष्कळ मोठे असते. दोन्ही पाने शेजारी ठेवून मुलांकडून मोजून घ्यावीत.

या वनस्पतींना शेंगा येतात, म्हणून त्यांचे कुल शिंबावंत. पूर्वी त्यांना चिंच, बहावा यांच्या गटात घालीत. २०१७ साली झालेल्या पुनर्रचनेत त्यांना 'सर्सिडॉइडी' या वेगळ्या उपकुलात स्थान मिळाले. कडधान्यांच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतात, तशा कांचनाच्या मुळांवर आढळत नाहीत. शेंग तेथे गाठी, असे वर्गात सरसकट सांगितले जाते. ते बरोबर नाही.

नमुन्यांसाठी शक्यतो गळून पडलेली पानेफुलेच गोळा करवावीत. दसऱ्याच्या सुमारास जांभळ्या कांचनाचा बहर सुरू झालेला असतो, आणि 'सोन्या'साठी ओरबाडलेल्या फांदीबरोबर त्या वर्षीच्या कळ्या व पुढील शेंगाही जातात.