आकडी का येते? प्रतिक्षिप्त अपस्माराची ओळख

आमच्या नात्यातील एक मुलगा दहा वर्षांचा असताना दर रविवारी न्हाणीघरात बेशुद्ध पडू लागला. कुटुंब बेळगावकडचे. रविवारी कढत पाण्याने डोक्यावरून न्हाण्याची घरची जुनी रीत. तिसऱ्या-चौथ्या तांब्याला मुलाची नजर एका जागी ठरे, तो काहीतरी असंबद्ध पुटपुटे आणि थांबण्याऐवजी तांब्यामागून तांबे ओतीत राही. मग अंग ताठ होऊन झटके येत. घरच्यांनी ‘न्हाणीतली बाधा’ म्हणून देवऋषी केला, लिंबू उतरवले, गंडे बांधले. यात दोन वर्षे गेली. “आमच्या जबाबदारीवर नको,” असे सांगून शाळेनेही त्याला घरी पाठवले. शेवटी एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, “पाणी किती गरम असते?” त्या एका प्रश्नाने मुलाचे आयुष्य मार्गी लागले. त्या प्रश्नामागचे शास्त्र समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

अपस्मार म्हणजे काय?

आपल्या मेंदूतील पेशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्संदेशांच्या साहाय्याने एकमेकींशी व्यवहार करतात. पुष्कळ पेशी एकाच वेळी अनावरपणे संदेश सोडू लागल्या की आकडी येते. आकडी वारंवार येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. लोक यालाच फेफरे, मिरगी किंवा फिट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक आकडीशिवाय जगू शकतात. हा रोग संसर्गजन्य नाही, वेडही नाही.

बहुतेकांची आकडी केव्हा येईल हे सांगता येत नाही. काहींच्या बाबतीत मात्र ठरावीक गोष्ट घडली की ती येते. यास प्रतिक्षिप्त अपस्मार म्हणतात.

ठिणग्यांचे प्रकार

सर्वांत परिचित ठिणगी म्हणजे लुकलुकणारा प्रकाश. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या दूरदर्शन मालिकेच्या एका भागात लाल व निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा आलटून-पालटून झळकला आणि त्या रात्री सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील बहुतेकांना पूर्वी कधीही आकडी आलेली नव्हती. तरीही, अपस्मार असलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांनाच प्रकाशाचा असा त्रास होतो, हे लक्षात ठेवावे.

काहींना वाचताना जबड्याला झटके येतात. काहींना जेवताना आकडी येते. असे रुग्ण श्रीलंकेतून बरेच नोंदले गेले आहेत. संगीताने येणाऱ्या आकडीचे वर्णन इंग्लंडमधील डॉ. मॅकडोनाल्ड क्रिचली यांनी 1937 साली केले.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकार गरम पाण्याचा. याची पहिली नोंद 1945 साली न्यूझीलंडमध्ये झाली. परंतु सर्वाधिक रुग्ण दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात आढळले. बंगळूरच्या निमहान्स संस्थेतील डॉ. सतीशचंद्र व सहकाऱ्यांनी 1988 साली अशा 279 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 40 ते 50 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी तांब्याने भराभर डोक्यावर ओतले असता ही आकडी येते. नुसत्या अंगावरून गरम पाणी घेतल्यास सहसा येत नाही. म्हणजे उष्णता, डोक्यावर पडणाऱ्या पाण्याचा स्पर्श आणि ओतण्याचा वेग या साऱ्यांचा मिळून हा परिणाम असावा. आमच्या मुलाप्रमाणे काही रुग्ण त्या वेळी पाणी ओतीतच राहतात. तो हट्ट नसतो.

ठिणगीची सवय कशी लागते?

येथे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. 1960 च्या दशकात ग्रॅहम गोडार्ड या शास्त्रज्ञाने उंदरांच्या मेंदूस रोज थोडा वीजप्रवाह दिला. प्रारंभी काहीच घडले नाही. काही दिवसांनी मात्र तेवढ्याच प्रवाहाने उंदरांना पूर्ण आकडी येऊ लागली. चुलीतील ओलसर लाकूड रोज थोडे थोडे तापून वाळावे आणि एके दिवशी लहानशा निखाऱ्यानेही पेटावे, तसेच हे झाले. गरम पाण्याच्या अपस्मारातही वारंवारच्या उष्ण स्नानाने मेंदू असाच ‘तापत’ जात असावा, असा निमहान्सच्या संशोधकांचा विचार आहे. त्यांनी उंदरांवर तसे प्रयोगही केले.

पण लाकूड मुळात पेटण्याजोगे असावे लागते. लाखो लोक गरम पाण्याने न्हातात, त्यांना काही होत नाही. काही घरांत एकापेक्षा अधिक व्यक्तींना हा त्रास आढळतो, त्यावरून आनुवंशिक प्रवृत्तीचाही भाग दिसतो. यातून दोन बोध मिळतात. आकडी कोणाच्या पापामुळे वा आईच्या चुकीमुळे येत नाही. आणि ठिणगी लवकर ओळखून टाळणे हिताचे, कारण काही रुग्णांना पुढे स्नानाशिवायही आकडी येऊ लागते.

जागरण, चुकलेली गोळी, ताप, दारू यांनी कोणत्याही अपस्मारात आकडीचा संभव वाढतो. त्यांना प्रतिक्षिप्त ठिणगी म्हणत नाहीत, पण त्यांचीही काळजी घ्यावी.

रोजचे जीवन

1. नोंदवही ठेवावी. आकडीची तारीख, वेळ, त्याआधी काय चालले होते, झोप किती झाली, गोळी घेतली की नाही, हे लिहावे. डॉक्टरांना याचा मोठा उपयोग होतो.

2. कोमट पाणी वापरावे, डोक्यावर भराभर ओतू नये. न्हाणीच्या दाराला आतून कडी लावू नये. काहींना डॉक्टर स्नानापूर्वी दीड-दोन तास घेण्याची गोळी देतात. ती त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. नेहमीचे औषध मनाने बंद करू नये.

3. प्रकाशाचा त्रास असणाऱ्याने लुकलुकाट दिसताच एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे.

4. आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा वा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांत आकडी न थांबल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

समाजाचे काम

अपस्मार लपवला जातो तो मुख्यतः लग्नाच्या धास्तीने. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यातील विवाहास बाधक गोष्टींमधून अपस्मार हा शब्द 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. विशेष विवाह कायद्यातही तोच बदल झाला. कायदा बदलला, आता मने बदलायला हवीत.

तो मुलगा पुन्हा शाळेत गेला, शिकला आणि आज स्वतः शिक्षक आहे. लग्नापूर्वी त्याने मुलीला सारे सांगितले. तिने विचारले, “मग पाणी कोमट ठेवायचे, एवढेच ना?” त्याच्या हातून गेलेली शाळेची दोन वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही. आपल्या वस्तीतल्या दुसऱ्या मुलाची तशी जाऊ नयेत, एवढे तरी आपण करू शकतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. प्रतिक्षिप्त अपस्मार इतर अपस्मारांहून कसा वेगळा?
2. गोडार्ड यांच्या प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघतो?
3. वर्गात एखाद्याला आकडी आली तर तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही?