बसरा : वैभव आणि विस्मृतीचे शहर

आपल्याकडे लग्नघरात नथ हा कौतुकाचा विषय असतो. नथीतले मोती चांगले असतील तर जाणत्या आजीबाई आजही ‘बसऱ्याचे मोती’ म्हणून त्यांची वाखाणणी करतात. हे बसरा कोठे आहे, असा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि भिंतीवरील नकाशात ते शोधायला मुलांना बराच वेळ लागतो. खरे पाहता हे मोती बसऱ्याचे नव्हेतच. ते पर्शियन आखातात, विशेषतः बहरीनच्या आसपासच्या समुद्रात सापडत. बसरा ही त्यांच्या व्यापाराची एक पेठ, म्हणून तिचे नाव मोत्यांना चिकटले. श्वास कोंडून समुद्राच्या तळातून शिंपले वर आणणारे पाणबुडे मात्र नौकामालकांच्या कर्जात वर्षानुवर्षे अडकलेले असत. त्यांचे नाव कोणत्याच मोत्याला लागले नाही. बसऱ्याचा सुमारे चौदाशे वर्षांचा इतिहास वाचताना हा अनुभव पुनःपुन्हा येतो. या शहराने जगाला संपत्ती दिली, विद्या दिली. पण ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे राहिले, त्यांची नोंद फार थोड्या ठिकाणी झाली.

स्थान व स्थापना

टायग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्यांचा संगम दक्षिण इराकमधील कुर्ना येथे होतो. तेथून पुढे सुमारे २०० किलोमीटर वाहणाऱ्या एकत्रित प्रवाहास ‘शत्त अल-अरब’ म्हणतात. याच नदीकाठी बसरा वसलेले आहे. इ. स. ६३६ ते ६३८ च्या सुमारास खलिफा उमर यांच्या काळात उत्बा इब्न गझवान या सेनानीने येथे लष्करी तळ उभारला. आरंभीची घरे बोरूची व मातीची होती. ते मूळ ठिकाण आजच्या झुबैर गावाजवळ होते. पुढे शहर नदीच्या दिशेने सरकले.

येथील निसर्गाची एक व्यवस्था विलक्षण आहे. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा समुद्राचे पाणी नदीच्या गोड्या पाण्याला मागे रेटते. ते गोडे पाणी काठावरच्या असंख्य कालव्यांत आपोआप चढते आणि खजुरीच्या बागा भिजतात. मोटेची गरज नाही, रहाटाची नाही. याच कारणाने बसऱ्याच्या परिसरात जगातील सर्वांत मोठ्या खजुरीच्या वनांपैकी एक उभे राहिले. येथील खजूर आणि अरबी घोडे गलबतांतून मुंबई बंदरात उतरत असत. ‘अरेबियन नाइट्स’मधील सिंदबाद आपल्या सफरींना निघतो, तोही बसऱ्याहूनच.

विद्येची पेठ

आठव्या ते दहाव्या शतकात बसरा हे अरबी विद्येचे मोठे केंद्र होते. खलील इब्न अहमद याने अरबी भाषेचा पहिला शब्दकोश येथेच योजला. त्यातील वर्णांचा क्रम उच्चारस्थानानुसार, म्हणजे घशातून निघणाऱ्या वर्णांपासून ओठांकडे येणारा होता. आपल्या वर्णमालेत कंठ्य वर्णांपासून ओष्ठ्य वर्णांपर्यंत जो क्रम आहे, त्याची येथे सहज आठवण होते. त्याचा शिष्य सीबवैह हा इराणी; तरीही अरबी व्याकरणाचा आधारग्रंथ त्याने लिहिला. प्रकाशशास्त्राचा पाया घालणारा इब्न अल-हैथम इ. स. ९६५ च्या सुमारास येथेच जन्मला. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात, हा जुना समज त्याने खोडून काढला आणि वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे दाखवून दिले.

या मालिकेतील अल-जाहिझ याचे नाव विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. गरीब कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने लहानपणी मासे विकले, असे सांगतात. पुढे तो अरबी गद्याचा श्रेष्ठ लेखक झाला. त्याचा आजोबा कृष्णवर्णीय होता, अशी परंपरेत नोंद आहे. कृष्णवर्णीयांच्या थोरवीचे समर्थन करणारा एक स्वतंत्र निबंधही त्याने लिहिला. इ. स. ८६८-६९ च्या सुमारास त्याचे निधन झाले आणि लगेच ८६९ मध्ये बसऱ्याच्या परिसरात गुलामांचे मोठे बंड पेटले.

खाऱ्या जमिनीवरील बंड

बसऱ्याभोवतीच्या दलदलीच्या जमिनीवर क्षारांचा थर साचत असे. तो खरवडून जमीन लागवडीखाली आणण्यासाठी पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना जुंपले जाई. त्यांना ‘झंज’ म्हणत. शेकडोंच्या टोळ्यांनी ते राबत आणि थोडे पीठ व खजूर यांवर जगत. अली इब्न मुहम्मद याच्या नेतृत्वाखाली ते उठले, तेव्हा खलिफाच्या फौजांना त्यांनी चौदा वर्षे झुंजवले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा जिंकून उद्ध्वस्त केले, ‘अल-मुख्तारा’ नावाची स्वतःची राजधानी वसवली. ८८३ मध्ये हे बंड मोडले गेले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून येथे दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. एक, या बंडखोरांनी स्वतःही कत्तली केल्या आणि लोकांना गुलाम केले. पीडितांच्या बाजूने उभे राहताना हे झाकून ठेवू नये. दुसरी, या बंडाची सविस्तर हकीकत आपणास मिळते ती बगदादमधील इतिहासकार अल-तबरी याच्या लेखणीतून, आणि तो बंडखोरांचा कडवा विरोधक होता. खार खरवडणाऱ्या एकाही माणसाने स्वतः लिहिलेली ओळ आपल्याजवळ नाही. ज्यांच्या हाती लेखणी नसते, त्यांचा इतिहास त्यांचे विरोधक लिहितात.

पुणे डिव्हिजन आणि नावे नसलेले स्मारक

सोळाव्या शतकात बसरा ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली आले. १९०८ मध्ये शेजारच्या इराणमध्ये तेल सापडले आणि शत्त अल-अरबच्या काठी अबादान येथे इंग्रजांचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होते. त्यामुळे नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध सुरू होताच हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. या डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी व ११७वी या मराठा पलटणी होत्या. पुढे कूत येथे ही फौज वेढली गेली. सुमारे पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. कोकण आणि देशावरच्या खेड्यांतून गेलेले कितीतरी जवान तेथून परतले नाहीत.

या मोहिमेतील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारकाचे अनावरण झाले. ज्यांना ज्ञात कबर लाभली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकडा लिहिला गेला. एका गावातला, एका आईचा मुलगा दगडावर फक्त एक संख्या झाला. १९९७ मध्ये हे स्मारक मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर सुमारे ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेण्यात आले. अशा असमान वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने माफी मागितली ती २०२१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर.

तेलाचे वैभव, खारे पाणी

१९४९ मध्ये झुबैर व १९५३ मध्ये रुमैला ही प्रचंड तेलक्षेत्रे बसऱ्याजवळ सापडली. इराकच्या सरकारी उत्पन्नाचा बहुतांश भाग तेलातून येतो आणि बहुतेक तेल बसऱ्याच्या बंदरांतून बाहेर जाते. एवढ्या धनाच्या शहरात लोकांनी सुखात असावे. प्रत्यक्षात इराण-इराक युद्धाने (१९८०-८८) शहरावर तोफगोळे पडले आणि खजुरीची वने जळाली. पाठोपाठ १९९१ व २००३ ची युद्धे आली. वरच्या बाजूच्या देशांत धरणे झाली, नद्यांचा प्रवाह क्षीण झाला. जी भरती पूर्वी गोडे पाणी बागांत चढवीत असे, तीच आता समुद्राचे खारे पाणी शहरापर्यंत आणते. २०१८ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे १,१८,००० हून अधिक लोकांना रुग्णालयात जावे लागले. तरुण रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी साधी होती : पिण्याचे पाणी, वीज आणि काम. जमिनीखाली तेल असणे आणि घरोघरी नळाला गोडे पाणी येणे, या दोहोंमध्ये न्याय्य राज्यकारभार नावाची गोष्ट असावी लागते.

भिंतीवरून गेलेली पुस्तके

शेवटी एक प्रसंग. २००३ मध्ये युद्ध जवळ आले, तेव्हा बसऱ्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या प्रमुख आलिया मोहम्मद बाकेर यांनी पुस्तके सुरक्षित स्थळी नेण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. तेव्हा त्या रोज संध्याकाळी गुपचूप थोडी थोडी पुस्तके घरी नेऊ लागल्या. लढाई शहरात शिरल्यावर त्यांनी शेजारच्या खाणावळीच्या मालकाला व आसपासच्या लोकांना हाक दिली. भिंतीवरून हातोहात पुस्तके पलीकडे गेली. काहींनी ती पडद्यांत गुंडाळून नेली. पुढे काही दिवसांतच ग्रंथालय जळाले, पण सुमारे ३०,००० पुस्तके वाचली होती. ती वाहून नेणाऱ्यांपैकी काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही आपण काय वाचवीत आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो, तेव्हा मला आपल्या वसतिगृहात मुलांना सोडायला येणारे पालक आठवतात. त्यांतील अनेकांना अक्षरओळख नव्हती. पण दप्तर त्यांनी दोन्ही हातांनी धरलेले असे. आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज आखाती देशांत नोकरीस आहेत. त्यांनी तेथील बंदरे, इमारती, तेलाच्या टाक्या जरूर पाहाव्यात. मात्र ज्यांनी त्या उभारल्या, त्यांची नावेही विचारून घ्यावीत आणि लिहून ठेवावीत. बसऱ्याच्या दगडावर जे राहून गेले, ते आपल्या वहीत तरी राहून जाऊ नये.