ट्रॅक्टरमध्ये ऑईल न सांडता कसे भरावे?

यवतमाळ जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर आज सोयाबीनच्या मळणीला तर उद्या कापसाच्या वाहतुकीला असतो. या घाईत ऑईल भरताना ते इंजिनवर सांडते आणि तेच हात पुढे कापसाला लागतात. असा डाग जिनिंगमध्ये निघत नाही. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर पडलेले ऑईल पेट घेऊ शकते. मागे कापसाची ट्रॉली असताना हा धोका लहान समजू नये.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन बंद करावे व 10 ते 15 मिनिटे थांबावे. मापपट्टी पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून पातळी पाहावी. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची धूळ फडक्याने पुसावी; ती आत गेल्यास बेअरिंग झिजतात. नरसाळे ऑईलसाठी वेगळेच ठेवावे, फवारणीचे घेऊ नये.

डबा एकदम उलटा केल्यास आत हवा शिरताना गचके बसतात व ऑईल उसळते. म्हणून डब्याचे तोंड वरच्या अंगाला राहील असा तो आडवा धरून सावकाश ओतावे. एका वेळी अर्धा लिटरच टाकावे व थोड्या वेळाने पट्टी पाहावी. वरच्या खुणेपुढे जाऊ नये. ‘थोडे जास्त असलेले बरे’ असे पुष्कळजण मानतात, पण जादा ऑईल क्रँकने घुसळून फेसाळते व सीलमधून गळू लागते.

सांडलेच तर त्यावर राख किंवा लाकडाचा भुसा पसरावा. ऑईलच्या चिंध्या कापसाच्या ढिगाजवळ ठेवू नयेत.