उष्मा, वनस्पतींचा वास व मेघबीज

माकणी येथे तेरणा नदीवरील धरणाच्या परिसरातील कृषकबंधूंस वैशाखाच्या उन्हाचा परिचय करून देणे नको. त्या उन्हात निलगिरी किंवा लिंबोणीखाली वास अधिक दरवळतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. या वासाचे पुढे काय होते व त्याचा पावसाशी कितपत संबंध आहे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

वनस्पती मुख्यत्वे दोन प्रकारचे पदार्थ वाफेच्या रूपाने सोडतात. पहिला आयसोप्रीन. वड, पिंपळ, बांबू यांची पाने तो उजेडातच तयार करून लगेच सोडतात. सुमारे ४० अंश सेंटिग्रेडपर्यंत त्याचे प्रमाण वाढत जाते. दुसरा टर्पीनांचा वर्ग. निलगिरीसारख्या झाडांत तो पानांच्या तैलग्रंथींत साठतो. उष्णमान ३० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास त्याची वाफ सुमारे अडीचपट होते.

हवेतील ओझोन इत्यादींशी संयोग पावून या वाफांपासून जड पदार्थ बनतात आणि ते थिजून तरंगते सूक्ष्म कण होतात. अरण्यांवरील निळसर धुके यामुळेच पडते, असे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली प्रतिपादिले.

मग उष्मा वाढला म्हणजे कणही वाढतात काय? असे सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. उष्णता वाफ वाढविते व रासायनिक क्रिया जलद करिते. परंतु तीच वाफेस थिजू देत नाही. थंडीत क्रिया मंदावते, पण बनलेला पदार्थ लवकर थिजतो. जिनिव्हानजीकच्या सर्न संस्थेतील प्रयोगकोठीत हे दोन्ही परस्परविरुद्ध परिणाम तपासले गेले आहेत.

ढगातील प्रत्येक थेंबास आरंभी अशा एखाद्या कणाचा आधार लागतो. आपल्या शेजारच्या सोलापुरास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत मेघ व कण यांचेच निरीक्षण केले. मात्र कण फार झाले, तर तीच ओल पुष्कळांत वाटली जाऊन थेंब बारीक राहतात व पाऊस पडण्यास विलंब लागतो.

यास्तव बांधावर झाडे अवश्य लावावीत. ती सावली, फळ व पालापाचोळा देतील. परंतु त्यांच्या वासाने पाऊस ओढला जाईल, या भरवशावर पेरणी करू नये. कण हे केवळ बीज होय. ओल मोसमी वाऱ्यानेच आणावी लागते. तसेच पाचट व तुराट्या जाळू नयेत. त्या धुराने हवेत कणांची गर्दी होते आणि जमीन आपल्या खतास मुकते.