चिनी काढ्याची परीक्षा कशी घ्यावी?

प्रश्न: मनाची तगमग आणि निद्रानाश यांवर ‘सुआन झाओ रेन तांग’ हा चिनी काढा शतकानुशतके दिला जातो. मग चाचण्यांचा आग्रह कशाला?

उत्तर: आंबट रानबोराच्या बिया, ज्येष्ठमध आणि आणखी तीन घटकांचा हा काढा सुमारे १८०० वर्षे जुना आहे. पण दीर्घ वापरातून गुण नेमका कशाने आला, ते कळत नाही. चिंता मुळातच कमी-जास्त होते आणि आपुलकीने दिलेल्या औषधहीन गोळीनेही अनेकांना बरे वाटते. म्हणून रंग, वास, चव हुबेहूब असलेला नकली काढा करून, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडावे लागतात. काम जिकिरीचे आहे. चव ओळखली गेली की चाचणी फसली. ‘प्रत्येकाचा काढा वेगळा, मग तुलना कशी?’ हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यावर उपाय आहे: वैद्याने हवे ते लिहून द्यावे, खरे की नकली हे मात्र त्याला न कळता चिठ्ठीने ठरावे.

जुने म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या चिनी औषधात भलतीच वनस्पती, ॲरिस्टोलोकिया, आली आणि कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाबही वाढतो. तेव्हा काढा घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.