पोरे पितात का, आणि पुढे काय होते?



जिल्हा परिषदेच्या कामासाठी तुम्ही औरंगपुऱ्यात येता. तिथेच सरस्वती भुवनचे महाविद्यालय आहे, पुस्तकांची दुकाने आहेत. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडची किती तरी मुले या शहरात खोली करून शिकतात, आणि कित्येक वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला असतात. त्यात कुणाचा धाकटा भाऊ असतो, कुणाचा दीर, कुणाचा भाचा. घरचे ताट सुटते, विचारणारे माणूस दूर राहते, आणि एक दिवस कानावर येते, "तुमचा पोरगा घेतो म्हणे!" मग बाप शिव्या देतो, आई डोळ्याला पदर लावते. तो का पितो, हे मात्र कुणीच विचारत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिन कूपर यांनी १९९४ साली तरुणांच्या पिण्याची कारणे चार गटांत मांडली. ती आपल्या गावालाही लागू पडतात. कुणी मजा म्हणून पितो. कुणी सोबतीसाठी, वरातीत नाचायचे म्हणून. कुणी "घे रे, बायकांसारखा काय लाजतोस?" या टोमण्याला भिऊन पितो. आणि कुणी पितो ते विसरायला. परीक्षेत नापास झाला, पीक गेले, बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर आहे, अशा वेळी.

यातला शेवटचा सर्वांत जपण्याजोगा. त्याला संगत लागत नाही, निमित्तही लागत नाही. दुःख रोज असते, म्हणून दारूही रोज लागते. टोमण्याला भिणारा एरवी थेंबही घेत नसेल, पण ज्यांच्यापुढे त्याला पेल्याला नाही म्हणता आले नाही, तेच मित्र रात्री "चल, तिकडे जाऊन येऊ" म्हणाले, तर तिथे तरी तो नाही कसा म्हणणार?

आणखी एक समजूत आहे. दारूने धीर येतो, मर्दानगी वाढते म्हणे. नवरदेवालाही पहिल्या रात्री मित्र हाच सल्ला देतात! खरे उलटे आहे. दारूने इच्छा चाळवते, पण शरीर साथ देत नाही. अॅलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली एक प्रयोग केला. ज्यांना "यात दारू आहे" असे सांगितले ते जास्त प्याले, मग पेल्यात दारू असो वा नसो. म्हणजे नशेचे बरेचसे काम मनातली समजूतच करते. "मी शुद्धीत नव्हतो" ही सबब कधी कधी पिण्याआधीच तयार असते, असे आमचे मत आहे.

बीअर म्हणजे दारू नव्हे, असेही मुले सांगतात. हिशोब करा. आठ टक्के अल्कोहोलची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बीअर म्हणजे ३० मिलिलिटरचे व्हिस्कीचे चार पेग. ते उतरायला चार-पाच तास लागतात. ताक, लिंबू, गार पाण्याची अंघोळ, कशानेही लवकर उतरत नाही.

डोक्याचा पुढचा भाग आपल्याला "थांब, पुढचा विचार कर" असे सांगतो. तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि दारू आधी त्यालाच झोपवते. समोरचे सुख दिसते, उद्याचे दिसत नाही. निरोध खिशात असून वापरला जात नाही. वापरला तरी उशिरा चढवतात, नखाने फाडतात, तेल लावतात. तेलाने रबर कमजोर होते. पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला निरोधही भरवशाचा नाही.

मुलगी नशेत असेल आणि काय चालले आहे हे तिला उमगत नसेल, तर तिने मान डोलावली तरी कायद्याने ती संमती नव्हे. मुलगी अठराच्या आतली असेल तर ती राजी होती हे म्हणणे चालतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तो गुन्हाच आहे.

आता तुमच्या घरचे. अशा एका रात्रीचा आजार लग्नानंतर बायकोकडे येतो. तिने काही केलेले नसते, आणि लोक बोट मात्र तिच्याकडे दाखवतात. एचआयव्ही पुष्कळ वर्षे बाहेरून दिसत नाही. म्हणून नवरा-बायकोने दोघांनी तपासणी करावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवतात. अलीकडचा संबंध असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत घाटी रुग्णालय गाठावे. गरज असेल तर डॉक्टर २८ दिवसांची औषधे देतात. दिवस राहण्याची भीती असेल तर तातडीची गोळीही ७२ तासांच्या आत घ्यायची. तिने रोग मात्र टळत नाही.

मुलाशी बोलायचे कुणी? आमच्या मते वहिनीने. आई-बापाला जे सांगवत नाही ते दीर वहिनीला सांगतो. तो सुट्टीत आला की चुलीपाशी बसवून विचारा, "भाऊजी, खोलीवर जेवण नीट होतं का? एकटं वाटतं का? अभ्यासाचं काही टेन्शन?" दारूचे नाव आधी काढू नका, ते आपोआप निघते. निघाले की ओरडू नका, नाहीतर पुढच्या सुट्टीत तो बोलायचा नाही. दादाने निरोधचे सांगावे, लाजू नये. निरोध आशाताईंकडे मिळतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. अविवाहितालाही मिळतो, कुणी "लग्न झालं का?" म्हणून अडवायचे नाही.

रोज लागत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करायला लावू नका. त्याने झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांकडे न्या. मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते. एचआयव्हीची माहिती १०९७ वर मिळते. हे दोन्ही आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मुलाच्या मोबाइलमध्येही घालून द्या.